विचारलं तर सांगणारी पेटी

मोटर का बंद पडली, हा मध्य प्रदेशातल्या मनावर तहसिलीतल्या शेतकऱ्याचा बारमाही प्रश्न आहे. फेज उडाली? विहिरीचं पाणी तळाला गेलं? व्होल्टेज पडलं? कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले, की पेटीत शिरलेली पाल दोन फेजच्या मध्ये येऊन भाजली? कारणं मोजकीच, पण आजचं कारण त्यातलं कोणतं, हे पेटी सांगत नाही. मोटर गप्प असते आणि शेतीच्या फीडरला मिळणाऱ्या दहाएक तासांतला एकेक तास निघून जात असतो. त्यातले बरेच तास रात्रीचे. थंडीत गव्हाला पाणी द्यायला पहाटे दोनला वावरात गेलेला माणूस बॅटरीच्या उजेडात पेटी उघडतो, आत बघतो आणि मिस्त्रीला फोन लावतो. मिस्त्री झोपलेले असतात.

मी या पेट्यांवर काम करते. स्टार्टरच्या पेटीत एक छोटा संगणक बसवायचा. त्याने तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि मोटरचा करंट मोजायचा, आणि मोटर कधी सुरू करायची, कधी थांबवायची ते ठरवायचं. अशी यंत्रं बाजारात मिळतात आणि त्यातली काही चांगलीही आहेत. पण मी या कामात गुंतले ते वेगळ्या कारणाने. त्या बोटभर चिपच्या आत एक पूर्ण भाषा नांदू शकते. म्हणजे पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाला तिला प्रश्न विचारता येतो, उत्तर मिळतं, आणि तिचं वागणं तिथल्या तिथे बदलता येतं. हे करणाऱ्या प्रोग्रामला इंटरप्रिटर म्हणतात. तो किती थोड्या जागेत मावतो हे कळलं, तेव्हापासून मला दुसऱ्या पद्धतीने काम करावंसं वाटलेलं नाही.

मी धारची. पवारांच्या संस्थानाबरोबर इकडे स्थिरावलेली जी मराठी घरं आहेत, त्यातलं आमचं एक. घरात मराठी, ओट्याखाली उतरलं की माळवी आणि हिंदी. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी काही वर्षं पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे औद्योगिक संगणक, सांभाळले. मनावर आमचं आजोळ. विंध्याचा घाट उतरला की हवा एकदम गरम लागते, गहू-सोयाबीन मागे पडून कपाशी आणि मिरची दिसू लागते, आणि मान नदीच्या दोन्ही अंगांना मोटरींचा आवाज ऐकू येतो. मामांच्या वावरातल्या मोटरीपासूनच माझं हे काम सुरू झालं.

पहिली गरज अगदी साधी होती. लाइट आली की ऑटोवर टाकलेल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, पंधरा-वीस मोटरी एकाच क्षणी उठल्या की व्होल्टेज कोसळतं, काही मोटरी उठतच नाहीत, नुसत्या घुमत राहतात आणि तापतात. कुणाचं वाइंडिंग जळतं, तर कधी डीपीच जाते. उपाय असा, की प्रत्येक पेटीने लाइट आल्यावर वेगवेगळा वेळ थांबायचं. एवढ्यासाठी सी भाषेतला छोटा प्रोग्राम पुरे होता, आणि तो उत्तम चालला.

मग मागण्या यायला लागल्या. कुणाच्या बोअरला चाळीस मिनिटं उपसलं की दम घ्यावा लागतो. कुणाच्या विहिरीवर दोन भावांची वाटणी आहे. एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. कुणाची मोटर नवीन रिवाइंड केलेली, तिचा करंट मुळातच थोडा जास्त. प्रत्येक वावराचा स्वभाव निराळा, आणि ऋतूप्रमाणे तोही बदलणारा. सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामात एक आकडा बदलायचा म्हटलं तरी लॅपटॉप हवा, त्यात तीच लायब्ररी हवी, कंपाइल करायचं आणि पुन्हा सगळं चिपमध्ये टाकायचं. म्हणजे मी हवी. धारहून. आणि मोटरीची नाडी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारा मिस्त्री शेजारी हात बांधून उभा.

हा अडथळा मी पीथमपूरला दुसऱ्या रूपात पाहिला होता, आणि तो कसा सुटला तेही पाहिलं होतं. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाला रिलेंच्या जंगलातून सुटका हवी होती. मॉडेल बदललं की हजारो तारा उचकटायच्या आणि नव्याने जोडायच्या. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या साथीदारांचं मॉडिकॉन ०८४ आलं, आणि पीएलसीचा जमाना सुरू झाला. त्या यंत्राची खरी करामत अशी, की त्याचा प्रोग्राम रिलेच्या नकाशासारखाच दिसायचा. इलेक्ट्रिशियनला प्रोग्रामर व्हावं लागलं नाही. त्याला जे वाचता येत होतं, तेच यंत्र वाचू लागलं. कारखान्यात रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन लॅडर, म्हणजे तो नकाशासारखा प्रोग्राम, उघडून कोणता कॉन्टॅक्ट लागला आणि कोणता नाही हे स्क्रीनवर बघायचा, आणि दहा मिनिटांत दोष सापडायचा. हीच सोय वावरातल्या पेटीत का नको? पीएलसीची किंमत शेतकऱ्याला परवडणारी नाही. अडीचशे रुपयांच्या चिपमध्ये ती सोय हवी होती.

इंटरप्रिटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. सीमधला प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवरच चिपच्या आज्ञांमध्ये रूपांतरित होतो आणि चिपमध्ये जातात ते नुसते आकडे. मूळ मजकूर मागे राहतो. इंटरप्रिटरच्या पद्धतीत चिपमध्ये एकदाच एक वाचणारा प्रोग्राम बसवायचा. त्यानंतर तुम्ही लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिपमध्ये जातो. तो तिथेच वाचला जातो, आतल्या आत छोट्या खुणांमध्ये बदलला जातो आणि त्या खुणा एकामागून एक पाळल्या जातात. हे सीपेक्षा कित्येक पटींनी मंद असतं. पण विहिरीवरच्या मोटरीचे निर्णय सेकंदांत आणि मिनिटांत घ्यायचे असतात, त्यामुळे तिथे या मंदपणाचं काही बिघडत नाही.

छोट्या जागेत भाषा बसवण्याची विद्या जुनी आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी दोन-चार केबीत मावणारी टायनी बेसिक तयार केली, आणि तिचा मजकूर छापून सगळ्यांना मोकळा केला. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले; त्यांची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेली, सगळी मिळून सोळा केबीच्या रॉममध्ये. त्याच सुमाराला इंटेलने ८०५२ची अशी आवृत्ती काढली, की चिपच्या पोटातल्या आठ केबीत बेसिकचा पूर्ण इंटरप्रिटर! आम्ही कॉलेजात त्याच घराण्यातली ८०५१ शिकलो, पण हेक्स आकडे बडवत. चिपशी बोलता येतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आपल्या अभ्यासक्रमातली ही उणीव मला आजही खुपते.

मी निवडलेली पहिली भाषा लुआ. तिचा जन्म १९९३चा, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातला. रोबेर्तो इएरुझालिम्स्की, लुईझ एन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस ही तिघं तिची जन्मदाती. १९७७ ते १९९२ ब्राझीलमध्ये परदेशी संगणकांवर आणि सॉफ्टवेअरवर कडक निर्बंध होते, त्यामुळे तिथल्या लोकांना आपली अवजारं आपणच घडवायची सवय लागली होती. लुआ ज्यांच्यासाठी बनली ते पेट्रोब्रास या तेल कंपनीचे इंजिनिअर. प्रोग्रामिंग हा त्यांचा धंदा नव्हता, त्यांना आपल्या कामाचे नियम स्वतः लिहायचे होते. हे वाचलं तेव्हा मला मनावरचे मिस्त्री आठवले. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी नेमक्या याच माणसासाठी भाषा केली होती.

लुआचा पूर्ण इंटरप्रिटर, सगळ्या लायब्ररींसह, मोठ्या संगणकावरही तीनशे केबीच्या आत राहतो. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वायफायची चिप २०१४ मध्ये बाजारात आली, आणि त्याच वर्षी नोडएमसीयू या प्रकल्पाने तिच्यात लुआ बसवली. इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो बोर्ड सहज मिळायला लागला. या चिपला ॲनालॉग पिन एकच, म्हणून तिन्ही फेज आणि करंट मोजायला मी एडीएस१११५ नावाची वेगळी चिप जोडली. पेटीच्या दाराच्या आत एक यूएसबी सॉकेट काढलं. मिस्त्रींच्या फोनला ओटीजी वायर, त्यावर सिरियल टर्मिनलचं एक ॲप, आणि काळ्या पडद्यावर भाषेचा प्रॉम्प्ट: लिहा, एंटर मारा, उत्तर घ्या.

मनावरच्या बाजारात रिवाइंडिंगचं दुकान असलेले हे मिस्त्री. दहावीच्या पुढे शिकलेले नाहीत. पण मोटरीला हात लावून बेअरिंग गेलं की वाइंडिंग, हे सांगतात. एका बोअरवर पाणी बारीक पडत होतं. मोटर चालू, आवाज ठीक, तरी पाइपाला धार नाही. शेतकऱ्याचं मत होतं की पंपाचा इंपेलर झिजला, मोटर वर काढावी. सबमर्सिबल वर काढायची म्हणजे माणसं लावायची, सगळी पाइपलाइन सोडायची, निदान एक दिवस मोडायचा. मिस्त्री मला म्हणाले, “दीदी, निकालने से पहले इसको पूछो ना, क्या बोलती है.” मी त्यांच्याच फोनवर एक ओळ लिहून दिली: दर सेकंदाला करंट दाखव. पडद्यावर आकडे उतरू लागले. आठ अँपिअर, आठ, साडेसात, पाच, चार, पुन्हा आठ. मिस्त्री खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, हवा खाते आहे. पंप धड होता. बोअरमधलं पाणी पंपाच्या तोंडापर्यंत उतरत होतं, मधेच हवा ओढली जात होती, तेवढ्यापुरता भार हलका होऊन करंट पडत होता. झिरपा कमी, उपसा जास्त. इंपेलर झिजला असता तर करंट असा खालीवर नाचला नसता. त्यांनी तिथेच दोन आकडे बदलले: चाळीस मिनिटं चाल, वीस मिनिटं थांब. मोटर वर काढावी लागली नाही. पुढे त्यांच्या पान्याच्या पिशवीत ओटीजी वायर कायमची आली.

हे निदान चिपने केलं नाही, मिस्त्रींनी केलं. चिपने फक्त विचारल्यावर उत्तर दिलं. पण पेटीच्या आत सीचा बंद प्रोग्राम असता, तर दर सेकंदाचा करंट दाखवण्याची सोय मी आधीच कल्पून ठेवलेली असायला हवी होती. कोणत्या दिवशी कोणता प्रश्न पडेल हे घरी बसून कोण सांगणार? इंटरप्रिटर असला की प्रश्न आधी ठरवून ठेवावे लागत नाहीत. या पद्धतीबद्दल माझ्या मनात जो विश्वास आहे, तो या एका गोष्टीवर उभा आहे.

आता यातल्या काचणाऱ्या जागाही सांगते, कारण नव्या मुलांना यातलं कुणी धड सांगत नाही. ईएसपी८२६६ वर लुआ बसवली की आपल्या वापराला चाळीसेक केबी मेमरी उरते. लुआत दोन वाक्यं जोडली की तिसरं नवीन वाक्य तयार होतं आणि जुनी दोन कचऱ्यात जातात. भाषा तो कचरा स्वतः उचलते. पण पेटीने शेतकऱ्याला पाठवायच्या एसएमएसचा मजकूर तुकडे जोडत जोडत बांधला, तर ऐन वेळी मेमरी भरते आणि बोर्ड रिसेट होतो. म्हणून तुकडे आधी यादीत गोळा करून एकदाच जोडायचे. बोर्ड उठल्याबरोबर जी फाइल चालते तिच्यात चूक राहिली, तर तो उठतो, पडतो, पुन्हा उठतो, आणि प्रॉम्प्ट हाती लागतच नाही. म्हणून त्या फाइलच्या तोंडालाच पाच सेकंद थांबायची सोय ठेवायची, म्हणजे मधे शिरता येतं. रिलेसाठी पिन निवडताना चिपच्या जीपीआयओ चार आणि पाच याच घ्यायच्या. बाकीच्या काही पिना बोर्ड उठताना क्षणभर वर जातात, आणि तेवढ्यात कॉन्टॅक्टर खडखडतो. मनावर ज्या निमाडात येतं, तिथल्या मे महिन्यात उन्हातली लोखंडी पेटी हात लावू देत नाही. चिप ते सोसते, स्वस्त पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सोसत नाहीत. तिथे पैसे वाचवू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जीव आणि मोटर वाचवण्याचं काम इंटरप्रिटरवर सोपवायचं नाही. ओव्हरलोड रिले, एमसीबी आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर ही जुनी मंडळी तारेने जोडलेलीच राहिली पाहिजेत. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा मार्ग त्यांच्यातून गेला पाहिजे, म्हणजे चिप झोपली, अडकली किंवा कुणी तिच्यात भलतंच लिहिलं, तरी मोटर सुटते. चिपने फक्त केव्हा चालायचं हे ठरवावं. ही सीमा मी एकाही पेटीत ओलांडू दिलेली नाही आणि देणार नाही.

मायक्रोपायथनही मी वापरते. डेमियन जॉर्ज या केंब्रिजमधल्या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये लोकवर्गणीतून ती उभी केली. २५६ केबी जागा आणि सोळा केबी रॅम एवढ्यावर ती चालते. चूक झाली तर कोणत्या ओळीत झाली ते नीट सांगते, त्यामुळे कॉलेजच्या मुलांना शिकवायला तिच्यासारखी दुसरी नाही. पेटीसाठी मात्र माझं मन रमलं ते तिसरीकडेच.

ती फोर्थ. १९७० च्या सुमारास चार्ल्स मूर यांनी अमेरिकेतल्या किट पीकवरच्या रेडिओ दुर्बिणीसाठी ती वापरात आणली. तिचा गाभा काही केबींचा. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानाच्या संगणकात फोर्थच्या धर्तीवर घडवलेल्या आरटीएक्स२०१० चिप होत्या. आणि मराठी वाचकाला जवळचं उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याची शाळा. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये तिथे झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, ओपन फर्मवेअर, फोर्थवरच उभा होता. धनगरवाड्याच्या पोरांच्या मांडीवर फोर्थ येऊन गेली, आणि आपल्याकडे त्याची फारशी वाच्यताही झाली नाही.

फोर्थमध्ये व्याकरण जवळजवळ नाहीच. मोकळी जागा सोडून लिहिलेलं जे काही असेल तो शब्द. त्यामुळे देवनागरी शब्दही तिला चालतो. लुआच्या नेहमीच्या आवृत्तीत नावं रोमन लिपीतच द्यावी लागतात. दुसरं म्हणजे फोर्थमध्ये आधी वस्तू आणि आकडे येतात, क्रिया शेवटी. इंग्रजी वळणाच्या प्रोग्रामरला ही भाषा उलटी वाटते आणि तो कंटाळतो. पण मराठी, हिंदी, निमाडी बोलणाऱ्याचं क्रियापद शेवटीच येतं! मी एस्प्रेसिफच्याच ईएसपी३२ या चिपवर फोर्थ बसवली, मोजके शब्द तयार करून दिले आणि मिस्त्रींना म्हटलं, आता तुमच्या भाषेत सांगा. त्यांनी जे लिहिलं ते असं:

: रात 20 मिनिट रुको 90 मिनिट चलाओ ;

सुरुवातीचा विसर्गासारखा कोलन म्हणजे ‘नवा शब्द शिक’, आणि शेवटचा अर्धविराम म्हणजे ‘शिकवून झालं’. यापुढे नुसतं ‘रात’ लिहिलं की पेटी वीस मिनिटं थांबते आणि दीड तास मोटर चालवते. मग त्यांनी ‘रात’ वापरून त्या दोन भावांच्या वाटणीसाठी आणखी एक शब्द केला. मी काहीच केलं नाही. रिवाइंडिंगच्या दुकानातला माणूस चिपमध्ये स्वतःचा कोश वाढवत होता आणि त्याला आपण प्रोग्रामिंग करतो आहोत याचं ओझंही वाटत नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतका निखळ आनंद मला क्वचितच झाला आहे.

देवनागरीचे स्वतःचे काटे आहेतच. आकडे इंग्रजीच टाइप करावे लागतात. प्रत्येक अक्षरखुणेला तीन बाइट लागतात, आणि बऱ्याच फोर्थमध्ये शब्दाची मर्यादा एकतीस बाइटांची, म्हणजे दहा खुणांपेक्षा लांब नाव नको. काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं एक चिन्ह घुसवतात. मग डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द चिपला वेगळे वाटतात आणि ती मूळ शब्द ओळखत नाही. म्हणून शब्द निवडताना जोडाक्षरं टाळायची. ‘रुको’, ‘चलाओ’, ‘बंद’, ‘पानी’. एकच गोष्ट दोघे दोन तऱ्हांनी लिहीत असतील तर दोन्ही शब्द देऊन ठेवायचे.

फोर्थचा आणखी एक गुण मला पेटीसाठी मोलाचा वाटतो. एखादा शब्द तुम्ही नव्याने शिकवलात, तरी त्याआधी तयार झालेले शब्द जुन्याच अर्थाने चालत राहतात. ‘बंद’ या शब्दाचा कुणी प्रॉम्प्टवर भलता अर्थ करून ठेवला, तरी ड्राय रनच्या, म्हणजे मोटर पाण्याविना चालण्याच्या, वेळी ती थांबवणारा माझा मूळ शब्द जुन्या ‘बंद’लाच धरून राहतो. लुआत असं होत नाही. तिथे सगळ्यांना दिसणारं नाव बदललं की ते सगळीकडे बदलतं. उघडा प्रॉम्प्ट देऊनही आतला गाभा शाबूत राहणं ही छोटी गोष्ट नाही.

उघडा प्रॉम्प्ट म्हणजे असुरक्षित यंत्र, असं मला जाणती माणसं ऐकवतात. इंटरनेटवर उघडा ठेवला तर नक्कीच. त्या बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणून आमच्या पेटीचा प्रॉम्प्ट फक्त वायरीवर आहे. पेटीला कुलूप आहे, किल्ली शेतकऱ्याकडे आहे. ज्याची विहीर, ज्याची मोटर, त्याने उघडावं. मोबाइलवरून फक्त खबर मिळते, हुकूम जात नाही.

उलट बंद पेटीची किंमत मी घरातच पाहिली आहे. २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना आली आणि सौरपंप गावोगाव दिसू लागले. पंप चांगले, दिवसा पाणी, रात्रीचं जागरण गेलं. शेतकऱ्यासाठी हे मोठं सुख आहे. पण आमच्या एका नातेवाइकांच्या कंट्रोलरने एकदा एक आकडा दाखवून काम बंद केलं. त्या आकड्याचा अर्थ शेतकऱ्याला दिलेल्या कागदांत नव्हता. यंत्र उघडायचं नाही, वॉरंटी जाते. दुरुस्तीचा माणूस दूरच्या शहरातून यायचा होता, आणि मे महिन्यात पाण्याच्या भरवशावर लावलेली कोवळी कपाशी उन्हात माना टाकत होती. तो आला, त्याने लॅपटॉप लावला, एक मर्यादा थोडी सैल केली आणि पाच मिनिटांत पंप सुरू झाला. दोष त्या पोराचा नव्हता. ती पाच मिनिटं शेतकऱ्याच्या हातात द्यायला यंत्रात जागा होती, चिपमध्ये मेमरी होती. दिली गेली नाहीत, एवढंच.

म्हणून सरकारी पैशातून जो कंट्रोलर शेतात जातो, त्यात निदान वाचण्यापुरता प्रॉम्प्ट उघडा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बदल करू द्यायचे नसतील तर नका करू देऊ. पण व्होल्टेज किती, करंट किती, मोटर का थांबली, हे मालकाला विचारता आलं पाहिजे. याला वेगळा खर्च येत नाही.

मुलांना शिकवण्याची साधनं आज आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनसारख्या विषयांचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. लुआ, मायक्रोपायथन, फोर्थ, तिन्ही फुकट आणि मोकळ्या आहेत. कमी आहे ती शेताच्या शब्दांची. आमच्या पेटीतला कोश निमाडी-हिंदी वळणाचा आहे. खानदेशात, बऱ्हाणपुरात, विदर्भात तो तसाच चालणार नाही. पाळी, बारी, झिरपा, उपसा, धार यांच्यासाठी तिकडे काय म्हणतात, आणि मोटरीला हुकूम द्यायचा तर तिकडचा मिस्त्री कोणतं क्रियापद वापरेल, हे तिकडच्याच माणसाने सांगायला हवं. वाचकांपैकी कुणी मोटरपंपांवर, ठिबकवर किंवा सौरपंपांवर काम करत असेल, तर आपल्या मिस्त्रीशेजारी बसून असे वीस-पंचवीस शब्द लिहून काढावेत, जोडाक्षरं टाळावीत, आणि ते सगळ्यांना वापरता येतील असे मोकळे ठेवावेत. आमचे शब्द आम्ही मागेल त्याला देतो.